लव्हॉनच्या चौकाचा गोल फोटो

सगळा दोष गाजराच्या केकचा. तो तोंडात असताना मी गप्प बसलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला तोंडात काहीही असलं तरी बोलायची खोड असते. त्या रविवारी चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरची कॉफी चालली होती आणि मी टेबलावरच्या चारपाच जणांना सांगत होतो की हल्ली कॉम्प्युटरवर असे फोटो बघायला मिळतात ज्यांना डावं टोक नसतं आणि उजवंही नसतं. बाण दाबून धरला की चित्र सरकत राहतं आणि पुरता फेरा मारून जिथून निघालं तिथेच परत येतं. मध्ये कुठेही जोड दिसत नाही. आपण मधोमध उभे राहून मान वळवतोय असंच वाटतं. "तसा एखादा मीसुद्धा सहज काढेन," असंही मी पुढे म्हणालो. हे वाक्य बोलायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझा केक संपायच्या आत माझ्या बायकोने, अर्डिसने, चर्चच्या फोनवरून ॲरिझोनाला आपल्या थोरल्या बहिणीला ही बातमी कळवलीसुद्धा.

ही थोरली बहीण म्हणजे लव्हॉन. आमच्या स्कारलंड गावात मेन स्ट्रीट आणि थर्ड स्ट्रीट एकमेकांना छेदतात त्या चौकाच्या कोपऱ्यावर तिने एकतीस वर्षं हॉटेल चालवलं. दोन वर्षांपूर्वी तिचा खुबा गेला आणि मुलगा तिला ॲरिझोनात घेऊन गेला. हॉटेल ज्याने घेतलं त्याने वर्षभरात कुलूप लावलं. आता ती जागा पेट्रोल पंपवाल्यांनी घेतली होती आणि नऊ दिवसांनी, मंगळवारी, इमारत पाडायची ठरली होती. लव्हॉनला डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केलेली. अर्डिसने तिला हॉटेलचे चांगले सहा फोटो पाठवले होते, ते तिने उलट टपाली परत केले होते. सोबत चिठ्ठी होती: "यात नुसतं समोरचं दिसतं. मला चौकात उभं राहून मागे वळून बघायचंय."

त्या बाईला मागे वळून बघायला मिळावं म्हणून आता मी बांधला गेलो होतो. त्यातून माझं आणि लव्हॉनचं फारसं सूत कधी जुळलं नव्हतं. आमच्या लग्नात तिने अर्डिसच्या कानात सांगितलं होतं, "मर्ल बोलतो छान. काम काय करतो ते बघायचं." चौतीस वर्षं ती बघतच होती.

पहिला सल्ला शेजाऱ्याचा. वेंडेल क्रॅख्ट हा निवृत्त मोजणी अधिकारी. अर्ध्या जिल्ह्याच्या जमिनी त्याने मोजल्या, आणि त्याला एखादा प्रश्न विचारला की उत्तरही तो सीमेच्या दगडापासून सुरू करतो. कॅमेरा स्टँडवर लावून गरागरा फिरवायचा आणि बारा फोटो काढायचे, एवढीच माझी कल्पना होती. वेंडेलने ती कुंपणापलीकडूनच मोडीत काढली.

"कॅमेरा भिंगाभोवती फिरायला हवा," तो म्हणाला. "तो स्टँडच्या स्क्रूभोवती फिरला की जवळच्या वस्तू लांबच्या वस्तूंपासून सरकतात. मग जोड बसतो कसा ते बघ."

मला पटेना. त्याने मला नाकासमोर हात लांब करून अंगठा उभा धरायला लावला आणि मान वळवत अंगठ्यामागचं झाड कसं सरकतं ते बघायला सांगितलं. उजेड बरा पडावा म्हणून मी रस्त्याच्या कडेला गेलो. एक डोळा मिटून, अंगठा पुढे करून, मान डावीउजवीकडे हलवत मी उभा होतो, तोच मी लिफ्ट मागतोय असं वाटून आमच्या पाद्रीबाबांनी गाडी थांबवली. कुठे सोडू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे छे, कुठेच नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. आता, दोनदा नाही म्हणणं हा शिष्टाचार आहे, पण तिसऱ्यांदा नाही म्हणणं हा अपमान असतो आणि तो पुढे दोन पिढ्या लक्षात राहतो. मी गाडीत बसलो. ते अकरा मैलांवरच्या इस्पितळात एका आजाऱ्याला भेटायला चालले होते. मी त्या अनोळखी माणसाच्या उशाशी तासभर बसलो, दोन स्तोत्रं म्हटली आणि त्याच्या वाटणीची जेली खाल्ली, कारण ती त्यानेही मला तीनदा देऊ केली. घरी आलो तेव्हा वेंडेल कुंपणापाशीच उभा होता. त्याने विचारलं, "मग, सरकलं का झाड?"

मान्य करावं लागलं. वेंडेलने अर्डिसचा पाव कापायचा पाट घेतला, त्याला खाचा पाडून बारा खुणा केल्या आणि कॅमेरा भिंगाभोवती फिरेल असं एक यंत्र तयार केलं. प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोचा तिसरा हिस्सा यायला हवा, म्हणजे जोड लपतो, हेही त्यानेच सांगितलं. पाट नेला म्हणून अर्डिस दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. वेंडेलशी मात्र नेहमीसारखीच बोलली.

आता प्रश्न उरला चौकाच्या मधोमध उभं राहायचा. त्याला नगर कचेरीची परवानगी लागते. तिथे बसते बेव्हर्ली सुंडगार. ही माझी विद्यार्थिनी. नववीत तिने नद्यांचा नकाशा एक दिवस उशिरा दिला म्हणून मी तिला शून्य दिलं होतं. मी ते केव्हाच विसरलो होतो, पण पुढच्या दहा मिनिटांत मला ते आठवलं.

बेव्हर्लीने अर्ज काढला. रस्ता अडवण्याची कारणं त्यात चारच छापलेली होती: दुरुस्ती, बाजार, अंत्ययात्रा आणि मिरवणूक. पाचवा रकाना नव्हता. अंत्ययात्रेला मृताचं नाव लागतं, म्हणून आम्ही मिरवणुकीवर आलो. सहभागी माणसं किती? एक. घोडे? नाहीत. घोडे नसले तरी लीद कोण उचलणार ते लिहावं लागतं. मी माझंच नाव लिहिलं.

"एक अडचण आहे, सर," बेव्हर्ली म्हणाली. "मिरवणूक म्हटली की ती चालती हवी. एका जागी उभं राहता येत नाही."

"मी गोल फिरणार आहे."

"जागच्या जागी?"

"पृथ्वीसुद्धा तेच करते, बेव्हर्ली. मी शिकवलं होतं."

तिने जरा विचार केला आणि शिक्का मारला. सोमवार, सकाळी दहा ते दहा वाजून दहा मिनिटं, नारिंगी जाकीट अनिवार्य. मंगळवारी इमारत पडणार, म्हणजे मला एक दिवस हातचा राखून मिळाला होता. मी शीळ घालत घरी आलो. मिरवणुकीची परवानगी दिली की तिची सूचना पोस्टाच्या फळ्यावर लावावी लागते, हे बेव्हर्लीने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सोमवारी ऊन छान पडलं होतं. पावणेदहाला मी नारिंगी जाकीट घालून, खांद्यावर स्टँड आणि बगलेत पाट घेऊन चौकात पोचलो, आणि बघतो तर चारही फुटपाथांवर घडीच्या खुर्च्या मांडून गाव बसलेलं. सहाशे अकरा वस्तीचं आमचं गाव. त्यातली दीडशे तरी माणसं सोमवारी सकाळी मिरवणूक बघायला आली होती. काहींनी गुडघ्यांवर पांघरुणं घेतली होती. बँकेच्या दारात म्हाताऱ्या माजी सैनिकांनी टोप्या चढवल्या होत्या. कसली मिरवणूक, हे एकानेही कोणाला विचारलेलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर आपल्याला कोणी आधी सांगितलं नाही अशी तक्रार केल्यासारखं झालं असतं.

मी मधोमध स्टँड रोवला. टाळ्या झाल्या.

त्या क्षणी मी सगळ्यांना खरं काय ते सांगून घरी पाठवायला हवं होतं. पण दीडशे माणसं खुर्च्या घेऊन बसलेली असताना मिरवणूक नाही असं सांगायला वेगळी छाती लागते. मी पहिला फोटो लव्हॉनच्या हॉटेलचा काढला. अजून उभं होतं ते, हिरवं दार, वर फिकट झालेली पाटी, सगळं. मग पाट एक खूण फिरवला. फिरल्यावर ज्या बाजूला तोंड आलं त्या बाजूने टाळ्या वाजवल्या. मी जरा मान झुकवली. मान झुकवताना गुडघा स्टँडला लागला, तो पुन्हा समतल करावा लागला. पुढच्या बाजूने टाळ्या वाजवल्या. पहिल्यांना मान झुकवली आणि दुसऱ्यांना नाही, असं कसं चालेल? एकेका फोटोला मिनिटभर जाऊ लागलं.

तेवढ्यात चारही रस्त्यांनी एकेक गाडी आली. आमच्या चौकात सिग्नल नाही, चारही बाजूंना थांबायच्या पाट्या आहेत, आणि जो आधी आला त्याने आधी जायचं असा कायदा आहे. पण आधी जाणं बरं दिसत नाही. चौघांनी काचा खाली केल्या आणि हाताने एकमेकांना खुणावलं, तू हो पुढे. छे, तू हो. चारही गाड्या शेवटपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. आमच्या सभ्यतेचा मला झालेला हा पहिला उपयोग, कारण हलती गाडी फोटोत आली की तिचे दोन तुकडे होतात.

हललं ते दुसरंच काही. एवढी माणसं आपल्या नवऱ्याच्या मिरवणुकीला आली आणि त्यांना प्यायला काही नाही, हे अर्डिसला सहन होईना. लव्हॉनचं हॉटेल बंद झालं तेव्हा तिथले जाड पांढरे कप अर्डिसने खोकी भरून आमच्या तळघरात आणून ठेवले होते. वेंडेलच्या ढकलगाडीतून ती खोकी आली, चर्चमधून कॉफीची मोठी किटली आली, आणि अर्डिस चौकाला वळसा घालत एकेकाला कॉफी देऊ लागली. ती चालत होती बरोबर माझ्या कॅमेऱ्याच्या वेगाने, आणि त्याच दिशेने. मी पाट फिरवला की समोर अर्डिस, किटली घेऊन. पुन्हा फिरवला, पुन्हा अर्डिस. जरा थांब म्हणून मी तिला हाताने खूण केली. तिला वाटलं मी लिंबाच्या वड्या विसरू नकोस म्हणतोय.

अकरावा फोटो झाला आणि शिट्टी वाजली. बेव्हर्ली कचेरीच्या पायरीवर घड्याळ धरून उभी होती. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"एकच राहिलाय," मी म्हटलं. "अर्धं मिनिट दे."

"वेळ म्हणजे वेळ, सर," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग मुळीच नव्हता. "तुम्हीच शिकवलंत."

दुसरी परवानगी दुसऱ्या दिवशी दहाची मिळाली. लोक खुर्च्या मिटून घरी निघाले. जाता जाता प्रत्येकाने माझा हात दाबून सांगितलं की काही वाईट नव्हती मिरवणूक. आमच्याकडे याहून मोठी स्तुती नाही. एक म्हातारा तेवढा म्हणाला की जरा लहान वाटली.

मंगळवारी मी दहाला गेलो. ठेकेदार सातला आला होता. लव्हॉनच्या हॉटेलच्या जागी विटांचा ढीग होता, त्यावर पिवळं यंत्र चढलेलं, आणि आभाळ शिळ्या लापशीच्या रंगाचं झालेलं. मी बारावा फोटो काढला. त्यात हॉटेलची उत्तरेकडची भिंत यायची होती, तिथे धुरळा आला. त्या ढिगाकडे बघून मला फार वाईट वाटलं. एकतीस वर्षं मी तिथे रोज सकाळी दोन अंडी खाल्ली होती, आणि लव्हॉनला एकदाही ती चांगली झाली आहेत असं सांगितलं नव्हतं.

फोटो धुऊन आले तसा मी वाचनालयात गेलो. तिथल्या कॉम्प्युटरला कागदी फोटो आत घ्यायचं यंत्र आणि ते जोडायचा प्रोग्रॅम होता, आणि कोरिन ट्वेट या ग्रंथपालबाईंना तो चालवता येत होता. कॉम्प्युटर एका माणसाला एका वेळी अर्धा तास मिळतो. मी आठ दिवस रोज अर्धा तास गेलो. पहिल्या दिवशी सोमवारचे अकरा फोटो शेजारी शेजारी लावले तर प्रत्येकातलं आभाळ वेगळ्या निळ्या रंगाचं, जणू जुन्या पँटींची गोधडी. ते सारखं करण्यात तीन दिवस गेले. मग जोड बसवले. वेंडेलचा पाट खरा ठरला. खांब खांबावर बसला, फुटपाथ फुटपाथावर. पण चौकात एकूण सात अर्डिस होत्या. बँकेसमोर एक वाकलेली, औषधाच्या दुकानापाशी एक हसणारी, आणि पोस्टासमोरच्या दोघी तर पाठीला पाठ लावून उभ्या, भांडण झाल्यासारख्या.

कोरिनबाईंनी एक अर्डिस पुसून बघितली. किटली मागे राहिली, हवेत तरंगत, आणि खाली कप धरून एक माजी सैनिक वर बघत होता. आम्ही अर्डिसला परत ठेवलं.

खरी पंचाईत टोकांची. अकरावा फोटो जिथे संपत होता आणि पहिला जिथे सुरू होत होता, त्यांच्या मध्ये हातभर जागा रिकामी होती, आणि ती भरायला माझ्याकडे होता तो विटांचा ढीग. तो लावला की चित्र फिरत फिरत हॉटेलवर यायचं आणि दारापाशी येण्याआधी हॉटेल पडलेलं दिसायचं. जी गोष्ट लव्हॉनला दिसू नये म्हणून एवढा खटाटोप केला, ती बरोबर जोडावर येऊन बसली होती. न लावावं तर काळी फट. मी घरी येऊन अर्डिसला सांगितलं की मला हे जमलेलं नाही, तू तिला तसं कळव.

अर्डिसने स्वयंपाकघरातल्या दाराआडून एक जुनं कॅलेंडर काढून आणलं. लव्हॉन दर वर्षी गिऱ्हाइकांना हॉटेलचा फोटो छापलेलं कॅलेंडर वाटायची. ते आठ वर्षांपूर्वीचं होतं, आणि त्यात उत्तरेकडची भिंत अख्खी दिसत होती. अडचण एवढीच की फोटो नाताळातला होता आणि भिंतीच्या पायाशी गुडघाभर बर्फ होतं. कोरिनबाईंनी ती भिंत कापून फटीत बसवली. आता आमच्या चौकात सप्टेंबरचं लख्ख ऊन होतं, लोक अर्ध्या बाह्यांत बसले होते, आणि एका भिंतीशी तेवढं बर्फ पडलं होतं.

ते चित्र भरलेली कॉम्प्युटरची तबकडी पाठवायला मी तयार नव्हतो. भूगोल शिकवलेल्या माणसाच्या नावावर असलं हवामान कसं खपायचं? अर्डिस म्हणाली, तुझं नाव मी कुठेही लिहिणार नाही, आणि पाकिटाला थुंकी लावून ती पोस्टात गेली.

पुढच्या रविवारी दुपारी फोन वाजला. अर्डिस भांडी घासत होती, म्हणून मी घेतला.

"मुलाने लावून दिलंय," लव्हॉन म्हणाली. "कुठलं बटण?"

मी सांगितलं, उजवीकडचा बाण, दाबून धर. मग ती एकेक म्हणू लागली, बँक, औषधाचं दुकान, पोस्ट. पोस्टानंतर धान्याचा कोठा, मग रिकामा प्लॉट, आणि मग हॉटेल.

ती म्हणाली, "बर्फ."

"ते काय आहे, लव्हॉन, की..."

"त्या भिंतीला ऊन लागतच नाही. मी नगर कचेरीला किती वर्षं सांगत होते," ती म्हणाली आणि पुढे गेली. हिरव्या दारापाशी, पाटीपाशी ती थांबलीसुद्धा नाही. पुन्हा बँक आली.

मला राहवलं नाही. एवढ्या यातायातीने हॉटेल उभं केलं आणि बाई त्याच्यावरून सरळ निघून जाते. मी विचारलं, हॉटेल नीट दिसलं ना?

"हॉटेल कशाला बघू? मी एकतीस वर्षं त्याच्या आत होते. काउंटरमागून खिडकीतून मला चौकाचा एक तुकडा दिसायचा. बाकीचे तिकडे काय करतात ते मला कधी बघायलाच मिळालं नाही." मग ती एकदम थांबली. "मर्ल, यांच्या हातात माझे कप आहेत."

मी म्हटलं, हो.

ती परत फिरू लागली, या वेळी अगदी हळू. ती मोजत होती. बँकेपाशी एकोणीस. औषधाच्या दुकानापाशी सव्वीस. चारही गाड्यांमधल्या चौघांना खिडकीतून दिलेले चार. सात ठिकाणी असलेल्या अर्डिसबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही, कामाच्या गर्दीत एक बाई सात ठिकाणी असते यात तिला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. पुरे दोन फेरे झाले. मी खुर्ची ओढून बसलो.

"सगळ्यांना मिळाली," लव्हॉन म्हणाली. तिने नाक शिंकरलं. मग म्हणाली, "मधे उभा होता त्याला कोणी दिली का?"

मला आधी कळलंच नाही ती कोणाबद्दल बोलतेय. गेल्या तीन आठवड्यांत तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही विचारला नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

"अर्डिसला फोन दे."

मी दिला. अर्डिसने ओल्या हाताने तो कानाला लावला. पलीकडून काय चाललं होतं ते मला ऐकू आलं नाही, पण चांगली पाच मिनिटं ती नुसतं हो लव्हॉन, हो लव्हॉन म्हणत होती. मग फोनची वायर ओढत ओढत ती कपाटापाशी गेली, त्या जाड पांढऱ्या कपांतला एक काढला, आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरून तिने माझ्यासाठी कॉफी ओतली.